सोडणे आणि सोसणे

(युवक व पालक यांच्या एकत्रित अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



संकल्प करायला एक क्षण पुरतो, तो निभावायला मात्र अनेक दिवस लागतात. जूनमध्ये मोठ्या उत्साहाने सुरू झालेला व्यायामाचा नेम दिवाळीपर्यंत टिकत नाही. पहिल्या बैठकीला चाळीस जण येतात आणि सहाव्या बैठकीला सात उरतात. हे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा वेळी जे गेले त्यांना ‘कच्चे’ आणि जे राहिले त्यांना ‘पक्के’ म्हणून आपण मोकळे होतो. पण सोडणारा का सोडतो, टिकणारा कशाच्या बळावर टिकतो आणि प्रत्येक सोडणे निंद्य व प्रत्येक टिकणे वंद्य असते का, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज तो विचार करायचा आहे.

त्यासाठी घेतलेले उदाहरण काहींना अनपेक्षित वाटेल. ते ना इतिहासातील आहे ना पुराणातील. ते अमेरिकेतील ‘सर्व्हायव्हर’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेचे आहे. आपल्या घरातील तरुण पिढी असे कार्यक्रम पाहते. 2012 साली या स्पर्धेची भारतीय आवृत्तीही आपल्याकडे प्रसारित झाली होती. मुले जे पाहतात त्याकडे पाठ फिरवून संस्कार होत नाहीत. त्यातील निके आणि फोल वेगळे करून दाखविणे हे जाणत्यांचे काम आहे.

खेळाची रचना

या प्रकारच्या स्पर्धेचा पहिला प्रयोग 1997 साली स्वीडनमध्ये झाला. अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’चा पहिला भाग 31 मे 2000 रोजी दाखविण्यात आला. मलेशियातील सबा प्रांताच्या किनाऱ्याजवळ पुलाऊ तिगा नावाचे बेट आहे. तेथे सोळा अनोळखी माणसांना सोडण्यात आले. 39 दिवस, मूठ-मूठ भात, स्वतः बांधलेला निवारा, आणि अखेरपर्यंत उरेल त्याला दहा लाख डॉलर! त्या पर्वाचा शेवटचा भाग पाच कोटींहून अधिक अमेरिकनांनी पाहिला. त्यानंतर चाळीसहून अधिक पर्वे झाली आहेत. 2021 पासून हा काळ 26 दिवसांवर आणण्यात आला.

नियम असे की, स्पर्धकांच्या टोळ्या पाडल्या जातात. शर्यतीत हरलेल्या टोळीला रात्री सभेसमोर बसून आपल्यातील एकाला मतदानाने घालवावे लागते. प्रत्येकाच्या हाती एक मशाल असते. ती त्याच्या तेथील आयुष्याचे प्रतीक मानली जाते. मतदानात बाद झालेल्याची मशाल सूत्रसंचालक विझवतो आणि तो निघून जातो. शेवटी उरलेल्यांपैकी विजेता कोण, हे आधी बाद झालेल्यांचे पंचमंडळ ठरवते.

या खेळात कपट आहे, खोटी वचने आहेत. ‘सर्वांना मागे टाकून एकटा उरेन तो मोठा’ हे त्याचे तत्त्वज्ञान आपल्या जीवनदृष्टीशी जुळणारे नाही. हे स्पष्टपणे सांगूनच पुढे जायला हवे. परंतु भूक, पाऊस, अपुरी झोप आणि आप्तांचा विरह यांच्या भट्टीत माणूस घातला की त्याच्यावरील मुलामा उतरतो. आतले सोने दिसते, तसे पितळही दिसते. म्हणून हा खेळ अभ्यासण्याजोगा आहे.

शरीर आधी थकते की मन?

पहिली सहा पर्वे कोणीही स्वेच्छेने खेळ सोडला नव्हता. 2003 साली सातवे पर्व पनामाजवळच्या पर्ल बेटांवर झाले. त्यात ओस्टेन टेलर नावाचा स्पर्धक होता. कमावलेले शरीर, भरदार छाती. पाहणाऱ्याला वाटावे की हाच शेवटपर्यंत टिकणार. एकोणिसाव्या दिवशी त्याने ‘आता पुरे’ म्हणून माघार घेतली. उपासमार, ओल, अंगावरच्या जखमा ही त्याची कारणे होती आणि ती खोटी नव्हती. पण त्याच बेटांवर, त्याच पावसात, तितक्याच अन्नावर इतरही जण राहत होते. सूत्रसंचालकाने त्याची मशाल विझवली नाही. ती त्याने जमिनीवर आडवी ठेवून दिली. विझलेली मशाल आणि टाकून दिलेली मशाल यांतील अंतर त्या एका कृतीने लक्षावधी प्रेक्षकांना कळले.

त्याच पर्वाची विजेती ठरली सँड्रा डायझ-ट्वाइन. शारीरिक शर्यतींत तिची फारशी चमक कधीच दिसली नाही. ती टिकली ती शांत डोक्याच्या आणि चिवट मनाच्या बळावर. 2010 साली ती पुन्हा जिंकली. 2008 च्या गॅबॉन येथील पर्वात तर मेन राज्यातील बॉब क्राउली हे भौतिकशास्त्राचे शिक्षक वयाच्या 57 व्या वर्षी विजयी झाले. त्यांच्या निम्म्या वयाची माणसे त्यांच्या आधी बाहेर पडली होती.

येथे एक धोका आहे. ‘धीर असलेली माणसे वेगळीच असतात’ असे मानून आपण स्वस्थ बसतो. पण दोनदा जिंकलेल्या याच सँड्राचे 2020 मध्ये काय झाले? माजी विजेत्यांच्या त्या पर्वात बाद झालेल्यांना एका ओसाड बेटावर ठेवले होते. परतीच्या संधीची वाट पाहत तेथे हालात दिवस काढायचे होते. बेटावर एक डोलकाठी उभी होती. ज्याला जायचे असेल त्याने दोर ओढून शीड वर चढवावे, की नाव न्यायला येईल. सँड्रा त्या बेटावर आली आणि फार न थांबता तिने ते शीड चढविले. तिला दोष देण्यासाठी हे सांगायचे नाही. धैर्य ही एकदा मिळवून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे, ते रोज नव्याने मिळवावे लागते, एवढेच यातून घ्यायचे. आणि ती डोलकाठी? ती प्रत्येकाच्या आयुष्यात उभी असते. दोर नेहमी हाताशी असतो. मात्र ज्याची नजर दिवसभर त्या दोराकडे लागलेली असते, त्याचा अर्धा पराभव आधीच झालेला असतो.

निकाराग्वातील पावसाळा

या विषयावर सर्वाधिक शिकविणारे पर्व 2010 चे, निकाराग्वामधील. त्यात वीस स्पर्धकांची विभागणी वयानुसार केली होती. एक टोळी चाळिशीपुढच्यांची आणि दुसरी तिशीच्या आतल्यांची. ज्येष्ठांच्या टोळीत साउथ डकोटा राज्यातील होली हॉफमन ही पोहण्याची प्रशिक्षिका होती. पहिल्या काही दिवसांतच तिचा तोल ढळला. अनोळखी माणसे, घरची आठवण, टोळीतील कुरबुरी यांनी ती त्रासली. रागाच्या भरात तिने एका सहकाऱ्याचे महागडे बूट वाळू भरून पाण्यात बुडविले. नंतर तिचे तिलाच ते खाऊ लागले. तिने सर्वांसमोर कबुली दिली. आता येथे राहण्यात अर्थ नाही, परत जावे, असे तिच्या मनाने घेतले.

त्याच टोळीत जिमी जॉन्सन होते. ‘डॅलस काउबॉइज’ या अमेरिकन फुटबॉल संघाला लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवून देणारे हे नामांकित प्रशिक्षक. खेळाडू केव्हा खरोखर संपला आहे आणि केव्हा केवळ खचला आहे, हे ओळखण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी होलीला बाजूला घेतले, समजाविले, थांबायला लावले. विशेष म्हणजे ते स्वतः त्या पर्वात फार दिवस टिकले नाहीत. मतदानात लवकरच बाद झाले. पण त्यांच्या चार शब्दांवर होली उभी राहिली.

पुढे दोन्ही टोळ्या एकत्र झाल्या. पावसाने झोडपून काढले. तांदळाची टंचाई झाली. अठ्ठाविसाव्या दिवशी दोन तरुण स्पर्धकांनी आपण जात असल्याचे जाहीर केले. अकरा दिवस उरले होते, दोघींपैकी कोणालाही मतदानाने बाद केलेले नव्हते. त्याच सुमारास झालेल्या एका शर्यतीत विजेत्या गटाला चित्रपट आणि पोटभर खाणे असे बक्षीस होते. त्या गटात निघालेल्यांपैकी एक होती, आणि होलीही होती. सूत्रसंचालकाने विजेत्यांपुढे एक पर्याय ठेवला. तुमच्यापैकी एकाने आपले बक्षीस सोडले, तर सगळ्यांसाठी ताडपत्री आणि तांदूळ मिळेल. जी उद्या जाणारच होती तिने ते सोडायला हवे होते, असे कोणालाही वाटेल. ती बसून राहिली. उठली ती होली! काही आठवड्यांपूर्वी जी स्वतः घरी निघाली होती, तिने आपल्या वाट्याचे अन्न सोडून सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर आणले. स्पर्धेच्या 38 व्या दिवसापर्यंत ती टिकली आणि चौथी आली.

या प्रसंगात दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली अशी की, सोडून जाणारा एकटा जात नाही. तो मागे राहणाऱ्यांच्या मनात एक फट पाडून जातो. एकाने ‘जातो’ म्हटले की दुसऱ्याला वाट दिसते. त्या दोघी एकाच रात्री गेल्या, हा योगायोग नव्हे. दुसरी अशी की, टिकून राहिलेला माणूसही सहसा एकटा टिकत नाही. होलीच्या चिकाटीत जॉन्सन यांचा वाटा होता. ज्या संघटनेत खचलेल्याला बाजूला घेऊन बोलणारा कोणी असतो, त्या संघटनेतून माणसे सहजी गळत नाहीत.

त्या पर्वात आणखी एक वाद झाला. निघून गेलेल्या दोघींनाही पंचमंडळात जागा मिळाली. विजेता ठरविण्यात त्यांचे मत धरले गेले. ज्यांनी मैदान सोडले त्यांनी मैदानावरच्यांचा निवाडा करावा काय, असा प्रश्न प्रेक्षकांनी विचारला. तो आपल्याही परिचयाचा आहे. काम सोडून बाहेर उभे राहायचे आणि काम करणाऱ्यांना गुण द्यायचे, असे पंचमंडळ प्रत्येक गावात भरलेले असते.

प्रत्येक माघार म्हणजे पळ नव्हे

एवढे ऐकून कोणी म्हणेल की सिद्धांत सोपा आहे: मरावे पण सोडू नये. तसे नाही. 2001 च्या ऑस्ट्रेलियातील पर्वात एक स्पर्धक शेकोटीच्या धुराने भोवळ येऊन विस्तवात कोसळला आणि त्याचे हात भाजले. त्याला हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. 2009 मध्ये सामोआतील पर्वात रसेल स्वान शर्यतीच्या मध्येच बेशुद्ध पडले आणि वैद्यांनी त्यांना खेळातून काढले. तीन वर्षांनी ते पुन्हा स्पर्धेत उतरले. शरीराची मर्यादा आली तेथे थांबणे याला माघार म्हणत नाहीत.

त्याहून विचार करायला लावणारे उदाहरण जेना मोरास्का हिचे. 2003 च्या ॲमेझॉन पर्वाची ही विजेती. 2004 साली प्रसारित झालेल्या माजी स्पर्धकांच्या पर्वात ती पुन्हा आली. तिची आई कर्करोगाने आजारी होती. काही दिवसांतच, कोणीही तिला बाद केलेले नसताना, जेनाने आईजवळ जाण्यासाठी खेळ सोडला. ती घरी पोहोचली आणि आठ दिवसांनी आई गेली. तिने दहा लाख डॉलरची संधी सोडली आणि आईचे शेवटचे आठ दिवस मिळविले. या सौद्यात ती हरली असे कोणता पुत्र, कोणती कन्या म्हणेल?

आणखी एक प्रसंग पलाऊ येथील, 2005 चा. तिघे उरले होते. समुद्रात तरंगणाऱ्या हलत्या बोयांवर उभे राहून तोल सांभाळायचा, अशी अखेरची कसोटी होती. एक जण आधी उतरली. मग न्यूयॉर्कचे अग्निशामक टॉम वेस्टमन आणि त्यांचा तरुण मित्र इयन रोझेनबर्गर यांच्यात जवळजवळ बारा तास ही झुंज चालली. शेवटी इयनच उतरला. पाय थकले म्हणून नव्हे. त्या दिवसांत त्याच्या हातून मित्रांचा विश्वास दुखावला गेला होता. अंतिम फेरीतील जागा स्वतःहून सोडून तो विश्वास परत मिळवावा, असे त्याने ठरविले. पुढे 2010 च्या भूकंपानंतर हैतीत जाऊन तेथील टाकाऊ प्लास्टिकपासून कापडासाठी धागा बनविण्याचा उद्योग याच तरुणाने उभा केला. बारा तास उभा राहू शकणारा माणूस दुर्बळ नसतो. काय धरून ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, याची निवड त्याने केली होती.

टिकणे कशासाठी?

टिकण्याचेही असेच आहे. पहिल्या पर्वाचा विजेता रिचर्ड हॅच 39 दिवस टिकला. चिकाटीत तो कोणाला हार गेला नाही. पण मिळालेल्या दहा लाखांवरचा कर त्याने चुकविला. 2006 साली न्यायालयाने त्याला दोषी ठरविले आणि 51 महिन्यांची कैद सुनावली. तिसऱ्या, आफ्रिकेतील पर्वाचा विजेता ईथन झोन हाही तितकेच दिवस टिकला. झिंबाब्वेत फुटबॉल खेळत असताना एड्समुळे उद्ध्वस्त होणारी कुटुंबे त्याने पाहिली होती. बक्षिसाच्या रकमेतून त्याने 2002 साली फुटबॉलच्या माध्यमातून आफ्रिकेतील मुलांना त्या रोगापासून सावध करणारी ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था सहकाऱ्यांसमवेत उभी केली. 2009 मध्ये त्याला स्वतःला कर्करोग झाला. त्यातून उठून तो 2020 च्या पर्वात आला. ओसाड बेटावर एकेक करून वीस ओंडके वाहून आणण्याच्या कामात तो जवळजवळ कोसळला. वैद्यांनी तपासले, आणि तो पुन्हा उठला. तेव्हा त्याचे प्रतिस्पर्धी त्याच्याबरोबर चालू लागले. एकट्याच्या विजयासाठी रचलेल्या त्या खेळात, त्या क्षणी तरी, सहयात्रेचा अर्थ प्रकटला.

हॅच आणि झोन दोघेही टिकले. मग फरक कोठे? आपल्या शास्त्राने हा फरक फार पूर्वी सांगितला आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार आहेत आणि धृतीचेही, म्हणजे धारण करण्याच्या शक्तीचेही, तीन प्रकार आहेत. मोहाने कर्तव्य टाकणे हा तामस त्याग. शरीराला कष्ट होतात या भीतीने टाकणे हा राजस त्याग, आणि त्यातून त्यागाचे फळ मिळत नाही. कर्तव्य करीत राहून त्यातील आसक्ती आणि फळाची अपेक्षा सोडणे हा सात्त्विक त्याग. धृतीचेही तसेच. भीती, शोक, गर्व यांना कवटाळून बसणे हीसुद्धा एक प्रकारची धृतीच आहे, पण तामस. फळाच्या लोभाने घट्ट धरणे ही राजस. मन, प्राण आणि इंद्रिये यांना ताब्यात ठेवून ढळू न देणारी ती सात्त्विक.

गीतेने ‘सोडणे’ वाईट आणि ‘धरणे’ चांगले असा ढोबळ हिशेब कोठेही मांडलेला नाही. दोन्हींना एकच कसोटी लावली आहे: कशासाठी? पावसाला कंटाळून जाणारा आणि आईसाठी जाणारी, दोघेही ‘सोडून गेले’ असेच नोंदवहीत लिहिले जाते. पण एकाने सुखासाठी कर्तव्य सोडले, तर दुसरीने कर्तव्यासाठी सुख आणि धन दोन्ही सोडले.

घर आणि कार्य

ही कसोटी आपल्या घरात कशी वापरावी? मुलगा तबल्याचा वर्ग सोडतो म्हणतो, मुलगी अभ्यासक्रम बदलायचा म्हणते. पालक एक तर रागावतात, नाही तर ‘जाऊ दे, त्याला नको असेल तर नको’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही वाटा सोप्या आहेत. जॉन्सन यांनी निवडली ती तिसरी वाट. जवळ बसावे आणि कष्ट नको म्हणून सोडतो आहेस की दुसरे मोठे काही हाती घ्यायचे आहे म्हणून, एवढे शांतपणे विचारावे. रात्रीच्या थकव्यात घेतलेला निर्णय सकाळपर्यंत थांबवायला सांगावे. खेळ सोडणाऱ्या अनेकांचा निर्णय थंडीपावसाच्या रात्रीनंतरचा असतो, हे विसरू नये. आणि उत्तर खरोखर दुसऱ्या कर्तव्याचे असेल, तर त्या मुलाला आशीर्वाद देऊन निरोप द्यावा.

कार्यकर्त्यांसाठीही हेच. वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी काही काळ जबाबदारी खाली ठेवणारा कार्यकर्ता कमी निष्ठेचा नसतो. त्याने ती योग्य हाती सोपवून जावे आणि इतरांनी त्याचे घर सांभाळावे. उलट, पंचवीस वर्षे एकाच पदाला चिकटून राहिलेला माणूस चिकाटीचा आदर्श असेलच असे नाही. ती चिकाटी कार्याची आहे की गर्वाची, हे त्याने एकांतात स्वतःला विचारावे.

2023 च्या पर्वात पहिल्याच सभेत एका स्पर्धकाने सवयीच्या गोष्टींवाचून राहणे जमत नाही असे सांगून, मलाच बाद करा, अशी सहकाऱ्यांना विनंती केली. तिला हसणे सोपे आहे. पण चहाला उशीर झाला म्हणून, खुर्ची मिळाली नाही म्हणून, आपले नाव घेतले गेले नाही म्हणून आपल्यातून किती जण निघून गेले, याची मोजदाद कोण करणार? त्यांच्यासाठी ना समुद्र होता, ना पाऊस, ना उपासमार. आणि त्यांच्याजवळ जाऊन बसणारेही कोणी नव्हते, हेही तितकेच खरे.

म्हणून येथून परत जाताना प्रत्येकाने एक नाव आठवावे. गेल्या वर्षभरात जो यायचा थांबला, त्याचे. त्याने का सोडले याचा निवाडा करण्यापूर्वी त्याच्या घरी जावे, त्याच्याशी बोलावे. तो कर्तव्यासाठी गेला असेल तर त्याच्या कर्तव्यात हात द्यावा. खचून गेला असेल तर त्याच्याबरोबर चार पावले चालावे. जमिनीवर ठेवलेली मशाल पुन्हा उचलता येते, फक्त ती उचलून त्याच्या हाती देणारा कोणी तरी हवा.